सरदारणीच्या नावावरचा डाग

“गरम पाणी नको,” गालिचे धुणारे गृहस्थ म्हणाले. “गरम पाण्यानं डाग लोकरीत कायमचा मुरतो. थंडच द्या. आणि घासायचं नाही, नुसतं टिपायचं.”

बाईंनी थंड पाण्याचे भांडे पुढे सरकवले. खिडकीतून आलेले दुपारचे ऊन गालिच्याच्या निळ्या वेलबुट्टीवर पसरले होते, आणि ओल्या लोकरीच्या मंद वासात ती खोली एखाद्या संथ तळ्याच्या तळाशी असल्यासारखी भासत होती. सरदारीण, म्हणजे बाईंची लठ्ठ करडी मांजर, खुर्चीवरून सारे पाहत होती. आरोपीच्या चेहऱ्यावर पश्चात्तापाचा लवलेशही नव्हता.

“आई, हा सातवा गुरुवार,” मुलगी म्हणाली. ती सकाळीच झाकणाची टोपली घेऊन आली होती. “सात वेळा, तेही एकाच जागी. आज हिला मी नणंदेच्या मळ्यावर सोडते. उंदीर धरील, जरा वळण लागेल.”

“ती उंदरांना घाबरते,” बाई म्हणाल्या.

“मग उंदीर वळण लावतील.”

गालिचेवाल्यांनी मान वर केली नाही. “ताई, मांजर कशाला नेता? गालिचाच बदला. आखूड लोकरीचा घ्या, घट्ट विणीचा. धाग्यांचे फासे सुटे असले की त्यात मांजराची नखं अडकतात. रंग मिश्र असू द्या, आणि दर सहा महिन्यांनी दिशा फिरवा. दहा वर्षं बघावं लागणार नाही.”

“गालिचा बदलून खोड जाते का, काका? आज जुन्यावर, उद्या नव्यावर.”

ते पुन्हा डाग टिपू लागले. दहा वर्षे तर दूरच, येत्या गुरुवारपलीकडचा विचार बाईंना सोसवत नव्हता.

ग्रंथालयातून निवृत्त झाल्यापासून त्यांचे दिवस न उघडलेल्या पुस्तकांसारखे एकमेकांना टेकून उभे होते. मग सरदारणीने गालिचा बिघडवला आणि हे गृहस्थ आले. टिपायला तासभर, वाळायला दोन तास. त्या दोन तासांत चहा आला, चहापाठोपाठ बोलणे आले. पत्नी गेल्यापासून आपल्या स्वतःच्या घरात गालिचाच नाही, हे त्यांनी कधीतरी सहज सांगून टाकले. पुढे लागोपाठ तीन आठवडे डाग त्याच जागी उमटला, आणि बाईंनी वरवर मांजरीला रागे भरून मनातून तिचे आभार मानले.

पाचव्या आठवड्यात मात्र गालिचा स्वच्छ राहिला. बुधवारी सकाळपासून बाई त्याच्याकडे पाहत बसल्या. दुपारी त्यांनी अर्धा कप कोरा चहा त्याच जागी हळूच ओतला, सरदारणीची क्षमा मागितली आणि फोन लावला. त्यानंतरच्या दोन्ही बुधवारी तेच.

आता मुलीने सरदारणीला उचलून टोपलीत घातले होते. झाकणाच्या फटीतून तिने एकदाच, अगदी बारीक आवाज काढला. इतकी वर्षे पायाशी झोपलेल्या जिवाचा तो आवाज बाईंच्या काळजाला भिडला.

“टोपली उघड,” त्या म्हणाल्या.

“आई, आता हट्ट नको.”

“हट्ट नाही. तीन आठवडे तिथे चहा मी ओततेय. हातानं.”

मुलगी बघतच राहिली. “कशाला पण?”

बाईंनी गालिचेवाल्यांकडे पाहण्याचे इतक्या निकराने टाळले, की मुलीला उत्तर आपोआपच मिळाले. ती एकदा आईकडे पाही, एकदा काकांकडे. बाईंचे कान तापले होते. आता हे गृहस्थ हातातले फडके ठेवतील, नमस्कार करतील, आणि पुन्हा कधी या दारात दिसणार नाहीत, याविषयी त्यांना तिळमात्र शंका उरली नव्हती.

“चहा आहे हे मला वासावरूनच कळलं होतं,” गालिचेवाले शांतपणे म्हणाले.

बाईंना जमिनीने पोटात घ्यावे असे झाले.

मुलीने मात्र टोपलीवरचा हात काढला नाही. ती हिशेबाला पक्की. “ठीक आहे. चहाचे तीन आईचे. पण आधीचे चार तर हिचेच ना? तेवढे पुरेत.”

गालिचेवाल्यांनी फडके पिळून भांड्याच्या काठावर ठेवले.

“पहिला तिचा,” ते म्हणाले. “पुढचे तीन माझे. वरवर टिपून आतलं तसंच ठेवलं, की वाळताना डाग पुन्हा वर येतो. चौथ्या खेपेला मी मन घट्ट केलं, गालिचा पार पाठीपर्यंत धुतला, आणि घरी जाऊन वहीतला तुमचा नंबर खोडला, बाई. पुढच्याच बुधवारी तुमचा फोन आला.”