कोटांमागचा सॅक्सोफोन

धाकट्याने सॅक्सोफोन गळ्यात अडकवला, उठला आणि सवयीने कपाट उघडलं. ताईचे कोट बाजूला सारून त्याने वाद्याचं तोंड आत खुपसलं.

रेडिओवरून आलेली मुलगी मायक्रोफोन धरून बघतच राहिली.

"हे काय, काका?"

"सराव इथेच करतो मी." धाकटा ओशाळून हसला. "कपडे आवाज पितात. शेजाऱ्यांना त्रास नाही."

मुलगी लांबून आली होती. एका जुन्या जॅझ रेकॉर्डवर बड्या गायकाच्या मागे हे एवढंसं वाजवून गेलेला माणूस कोण, हे शोधायला तिने जंग जंग पछाडलं होतं. रेकॉर्डवर त्याचं नावच नव्हतं. बाकीचे गर्दीला ऐकवतात, तुम्ही कानाशी येऊन बोलता, असं ती आल्या आल्या म्हणाली होती. असा सूर शिकलात कुठे?

"ते सगळं ताईमुळे," धाकटा म्हणाला होता. त्यात टोमणा नव्हता. असता तर ताईला बरं वाटलं असतं. ती उगाच उठून अजून भरलेले कप गोळा करायला लागली.

शेजारच्या बाई कुरकुरतात, हे त्याला ताईनेच सांगितलेलं. दिवसभर दुकानात गिऱ्हाइकांची कटकट ऐकून आल्यावर तिला घरात शांतता हवी असायची, आणि 'मला नको'पेक्षा 'त्यांना नको' म्हणणं सोपं होतं. त्या बाईंनी कधी ब्र काढला नव्हता. उलट जिन्यात एकदा विचारलं होतं, हल्ली भाऊ वाजवत नाहीत का? सोडलं त्याने, असं सांगून ताई भराभर जिना चढली होती.

मुलीने कपाटाचं दार लोटलं. एका कोटाची बाही बाहेरच राहिली. "आज इकडे तोंड करून वाजवा ना."

धाकट्याने ताईकडे पाहिलं. साठी उलटलेला माणूस, परवानगी मागत होता. "बाई ओरडतील गं."

खरं ताईच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण ती म्हणाली, "ओरडू देत. मी बघते काय ते."

त्याने सुरुवात केली ती दबकत, कोटांच्याच मापाने. मग खोली केवढी आहे ते सुराला कळलं असावं. तो पसरला, भिंतींना लागून परत आला, खिडकीतून बाहेर पडला. एकाच घरात राहून आपण भावाला कधी पुरतं ऐकलंच नाही, हे ताईला हातात कप धरूनच कळलं.

बेल वाजली. सूर तुटला.

"बघ, आल्याच," धाकटा म्हणाला आणि कपाटाकडे सरकला.

ताईने दार उघडलं. शेजारच्या बाई उभ्या होत्या, जरा धापा टाकत. त्यांच्या काखेत घडीची खुर्ची होती.