पहिल्या गिअरचा आकडा

तिने पिकअपचं दार आपटलं तेव्हा मेकॅनिक दुसऱ्या गाडीखाली होता. तो पुरता बाहेर येईपर्यंत तिचं बोलणं अर्धं झालं होतं.

सकाळी तिचे बाबा तिच्या लेकीला, चिऊला, शाळेत सोडायला निघाले होते. चौकात उजवीकडून ट्रक येत होता, पण चांगला लांब. कुठलीही धड गाडी तेवढ्यात दोनदा पार झाली असती. बाबांनी पाय दाबला. गाडी रांगली. रस्त्याच्या मध्यावर असताना ट्रक अंगावर आला, बाबांनी घाबरून ब्रेक मारला आणि चिऊ पट्ट्यासकट पुढे आपटली. ट्रकवाला शहाणा, म्हणून हातभर अंतरावर थांबला. चिऊच्या खालच्या ओठाला दोन टाके पडले. सहा वर्षांची पोर आता शेजारणीकडे बसून नळीने दूध पितेय. कोणी हसवायला लागलं तर तोंडावर हात धरते. हसलं की ताणतं.

हे सगळं तिने एका दमात सांगितलं. मग त्याच्या वाटणीचं सुरू केलं. डिझेलची, ऑटोमॅटिक, बाबांनी हौसेने घेतलेली गाडी. फरशा भरून चढ चढते, पण उभ्या जागेवरून हलायचं म्हटलं की तिचा जीव जातो. "गाडी कसली, रुसलेली सासू आहे," असं बाबा रोज जेवताना म्हणायचे आणि ह्या मेकॅनिकच्या नावाने बोटं मोडायचे. चार महिने हेच चाललं होतं. बाबा इथे यायचे आणि गाडी ठीक आहे असं ऐकून परत जायचे.

मेकॅनिकने हात पुसले. तो शांतपणे समजावायला लागला. डिझेल इंजिनाचा जोर अगदी खालपासून उसळतो, तो सगळा एकदम गिअरबॉक्सवर आला तर आतल्या प्लेटा जळून जातात. म्हणून गिअर बदलताना गाडीतला कॉम्प्युटरच इंजिनाला म्हणतो, बाबा रे, जरा दम धर. आपण पाय कितीही दाबला तरी तो द्यायचा तेवढाच जोर देतो. सगळ्याच ऑटोमॅटिकमध्ये असतं ते. पापणी लवते तेवढाच वेळ.

"मी दिवसभर कारखान्यात पॅकिंगच्या सरकत्या पट्ट्यापुढे उभी असते," ती म्हणाली. "पापणी लवायला किती वेळ लागतो ते मला शिकवू नका. गाडीला तुमचा कॉम्प्युटर लावा."

मेकॅनिकने पिकअपकडे पाहिलं. बाबा अजून स्टिअरिंगमागेच बसले होते, समोरच्या भिंतीकडे बघत. घरात वाघ आणि चारचौघांत शेळी. म्हणूनच ह्यांना कोणीही गुंडाळतं, असं तिच्या मनात आलं आणि ती आणखी तापली.

त्याने बाबांच्या गुडघ्यांपाशी वाकून वायर जोडली आणि लॅपटॉप बाकावर ठेवला. पडद्यावर आकड्यांचे दोन रकाने आले. डावीकडे कंपनीने दिलेला जोर, उजवीकडे आत्ताचा. तिसऱ्या गिअरपासून पुढचे सगळे आकडे जुळत होते. पहिल्या आणि दुसऱ्या गिअरला उजवीकडचा आकडा डावीकडच्याच्या निम्मा होता.

"हे कोणी केलं?"

"मी," मेकॅनिक म्हणाला.

खाली तारीखही होती. ती तिला पाठ होती. दुसऱ्या दिवशी चिऊची शाळा सुरू झाली होती, आणि चिऊ त्या दिवसापासून आजोबांच्या शेजारी बसून जायला लागली होती.

मग तिने काही शिल्लक ठेवलं नाही. त्याची लाज काढली, त्याचं कसब काढलं. म्हाताऱ्या माणसाच्या गाडीचे पाय बांधून ठेवलेत आणि वर त्यालाच चार महिने खुळ्यात काढलंत, म्हणाली. तुमच्या घरात लेकरं नाहीत का, म्हणाली. मेकॅनिक मान खाली घालून ऐकत राहिला. त्याने एक शब्द उलट बोलायला हवा होता. तो बोलत नव्हता, त्यानेच तिच्या अंगाची लाही होत होती.

आत्ताच्या आत्ता मूळ आकडे टाका, नाहीतर इथून सरळ पोलीस चौकीत जाते, असं तिने बजावलं. तो पुन्हा पिकअपकडे बघायला लागला. ते मला करता येणार नाही ताई, एवढंच पुटपुटला. का ते सांगेना.

पडद्याच्या कोपऱ्यात मूळ सेटिंगचं बटण होतं. वाचता तिलाही येत होतं. तिने लॅपटॉप स्वतःकडे ओढला आणि बटणावर बोट नेलं.

पिकअपचं दार उघडलं.

"हात काढ," बाबा म्हणाले. "त्याला कशाला बोलतेस? मी करून घेतलंय ते, पाय जास्त दाबला गेला तरी गाडी उसळू नये म्हणून. कुणाला सांगायचं नाही, अशी शपथ घातली होती त्याला."

तिचं बोट तसंच राहिलं. तुम्हीच केलंत, मग रोज त्याच गाडीला शिव्या कशाला, आणि ह्या माणसाला कशाला, असं काहीसं ती बोलली. आवाज अजून चढलेलाच होता, पण तो कुठे टाकायचा ते तिला कळेना.

"गाडीत खोट काढत बसलं की माझ्याकडे कोणी बघत नाही," बाबा म्हणाले.

ते खाली उतरले आणि तिच्याकडे चालत आले. जमीन झाडलेली नव्हती. पत्र्याचे कातरे, लोखंडाचा कीस, एक फुटका बल्ब. बाबा त्यावरून सरळ आले, नेहमीच्या चालीने, पाऊल कुठे न अडखळता. त्यांची उजवी चप्पल गाडीतच पेडलपाशी राहिली होती, आणि ते त्यांना कळलं नव्हतं.