मुका सर्व्हर

“कुणाचा विश्वास बसणार नाही, पण आमच्या रेवतीने आज मुका सर्व्हर बोलता केला!” मुलुंडच्या फोटो स्टुडिओत श्यामसुंदरांनी पुडी सोडली. स्टुडिओ आता लेकीच्या हाती होता. पोरीला झेपेल का, ही शंका लग्नाचं काम घेऊन आलेल्या माधुरीताईंच्या चेहऱ्यावर होती. “लोकांचे सगळे फोटो सर्व्हरमध्ये, आणि मदरबोर्ड जळाला! नवा घातला, तर नेटवर्कची जुनी सेटिंग्ज त्याला ओळखच देईनात. हिने पाठीवरून हात फिरवला, कानात जुना पत्ता सांगितला, आणि पठ्ठ्या लाजत सुरू! मी बोटही लावलं नाही.” माधुरीताईंनी लग्नाची तारीख सांगून टाकली. रेवतीला मात्र राहवेना. “थापा नको मारूस, बाबा! तो पत्ता जुन्या नेटवर्क कार्डात होता, आणि ते काढून नव्या बोर्डात तूच बसवलंस. दर दसऱ्याला त्याच कार्डाला कुंकू लावतोस ना? बघ, कार्ड बसवताना ते लागून तुझं बोट अजून लाल आहे!”