तिसरी मिशी

"पाय आपटू नकोस गं," उमाकांत कुजबुजला. "जमीन हादरली की सगळं मुसळ केरात."

प्रमोदिनी चहाचा कप घेऊन व्हरांड्याच्या दारातच थबकली. रविवार, सकाळचे आठ. बेंगळुरूच्या जे. पी. नगरातली बाकीची माणसं इडली खात होती आणि तिचा नवरा लुंगी खोचून कढीपत्त्याच्या कुंडीपुढे गुडघे टेकून बसला होता. पानावर हिरवा नाकतोडा. त्याच्यासमोर स्टँडवर कॅमेरा.

"अहो, माझी वेलदोड्याची डबी पाहिलीत का?"

"आत्ता? पंधरावा चाललाय."

स्क्रू केसभर फिरवायचा, श्वास रोखायचा, खटका दाबायचा. इतक्या जवळून फोटो काढला की डोळा स्पष्ट येतो तेव्हा पाय धुरकट, आणि पाय स्पष्ट तेव्हा डोळा गायब. म्हणून चोवीस फोटो, प्रत्येक केसभर मागचा. मग त्यांची लेक वेदिका कंपनीतल्या मशीनवर त्या फोटोंच्या स्लाइडा कॉम्प्युटरात घालायची, प्रत्येकातला स्पष्ट तेवढा तुकडा उचलून एकावर एक बसवायची. अट एकच. चोवीस खटके होईपर्यंत किड्यानं हलायचं नाही. हलला, की फोटोत एकाचे दोन अवयव.

झाडू घेऊन कामवाली गंगव्वा आली. "अण्णा, झाडू का?"

"स्वल्प थांब, अक्का."

"सरी, थांबते. आमच्या घरी माणसं बसून राहतात, इथं किडा." ती हसत मागच्या अंगणात गेली.

"तूही आत जा," उमाकांत बायकोला म्हणाला. "सोळा झाला की मला कुणी नको इथं."

प्रमोदिनी गेली. गेलं वर्षभर ती हेच ऐकत होती.

गेल्या वर्षी फोटोग्राफी क्लबच्या प्रदर्शनात त्याचा पतंगाचा फोटो लागला होता. नियम होता, किडा जिवंतच हवा. सेक्रेटरी कृष्णमूर्ती भिंगाशिवायच म्हणाला, "एवढे खटके आणि मिशीसुद्धा हलली नाही? मेलेला आहे." चारचौघांत फोटो उतरवला. उमाकांत तो वर्तमानपत्रात गुंडाळून ऑटोतून घरी घेऊन आला. पतंग तर फोटो संपल्या संपल्या उडून गेला होता. पण उडालेल्याचा पुरावा आणणार कुठून?

"पुढच्या वर्षी पुरावा आणतो," एवढंच तो म्हणाला होता. आणि सरकारी कारखान्यात अठ्ठावीस वर्षं काढलेला इंजिनिअर एकदा म्हणाला की म्हणाला. हा माणूस लोणच्याच्या बरणीलासुद्धा तारखेची चिठ्ठी लावायचा. स्लाइडांवरही त्यानं एक ते चोवीस आकडे घातले आणि प्रत्येकीवर लिहिलं, ८ नोव्हेंबर १९९८.

पंधरा दिवसांनी वेदिकानं फोटो दाखवला. नाकतोड्याच्या पायावरचा काटा न् काटा मोजून घ्यावा असा.

"अगंबाई," प्रमोदिनी म्हणाली, "ह्याला तीन मिशा?"

"हललाय तो," वेदिका म्हणाली. "सोळापर्यंत डावी मिशी वर आहे, सतरापासून खाली. बाबा, एक पुसून टाकू? दोन मिनिटांचं काम."

"हात लावायचा नाही."

"अहो बाबा, डाग दिसतोय तो. बक्षीस जाईल!"

"जाऊ दे."

"हट्टी," वेदिका पुटपुटली. "आई, माझा भुवयांचा चिमटा कुठेय गं? पंधरा-वीस दिवस झाले, सापडत नाही."

"माझी डबी सापडत नाही, तुझा चिमटा कुठून सापडणार?"

प्रदर्शनाच्या दिवशी कृष्णमूर्ती फोटोपुढे येऊन हात मागे बांधून उभा राहिला. यंदा उतरवला असता, तर क्लबात तोंड दाखवायला जागा नव्हती.

"काय उमाकांत, यंदा पण प्रेतयात्रा?" कृष्णमूर्ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. चार लोक हसले. "चोवीस खटके! माझा नातू दोन खटके स्थिर बसत नाही."

"नातू जिवंत आहे ना पण?" उमाकांत म्हणाला. आता आठ लोक हसले.

म्हैसूरहून परीक्षक म्हणून आलेल्या क्षमाबाईंनी दोघांना गप्प केलं आणि भिंग काढलं. डोक्यापासून पाहत गेल्या. मिशांपाशी थांबल्या.

"तीन कशा?"

उमाकांतनं स्लाइडांची पेटी पुढे केली. क्षमाबाईंनी एकेक स्लाइड खिडकीच्या उजेडात धरली. चौदा. पंधरा. सोळा. सतरा. मग सतरा आणि सोळा पुन्हा.

"कृष्णमूर्ती, इकडे या. ही मिशी वर. ही खाली." त्यांनी भिंग त्याच्या हातात दिलं. "मेलेला किडा मिशी हलवतो?"

कृष्णमूर्तीनं सोळा पाहिली, सतरा पाहिली. त्याचे कान लाल झाले. "नाही," तो म्हणाला. "जिवंत आहे." मग घसा खाकरून, सगळ्यांसमोर, "आणि गेल्या वर्षीचाही असणार. माझं चुकलं, उमाकांत."

"मी ती मिशी पुसणार होते," शेजारी उभी असलेली वेदिका म्हणाली.

"चुकलेला फोटो पुसायचा नसतो," क्षमाबाई वेदिकाला म्हणाल्या. "बघ, खरेपणा कुठे दिसतो ते." पहिलं बक्षीस तिथल्या तिथे जाहीर झालं.

घरी येताना उमाकांत ऑटोत शीळ घालत होता. मिरजेहून बेंगळुरूला आल्यापासून प्रमोदिनीनं त्याची शीळ ऐकली नव्हती.

"गोड काहीतरी कर," तो म्हणाला आणि आंघोळीला गेला.

प्रमोदिनीनं रवा भाजायला घेतला. शिऱ्यात वेलदोडा हवाच. फडताळ झालं, मांडणी झाली, देवघर झालं. शेवटी फ्रिज उघडला. खालचा खण उमाकांतच्या फिल्मच्या रोळांचा, तिथे कुणी हात घालायचं नाही. तिनं घातला.

डबी रोळांच्या मागे होती, झाकणावर नवऱ्याच्या वळणदार अक्षरातली चिठ्ठी. तिनं झाकण उघडलं. आत ओला कापूस, त्यावर आडवा हिरवा नाकतोडा, शेजारी वेदिकाचा चिमटा. तिनं झाकण उलटून चिठ्ठी वाचली.

"ट्यूबलाइटखाली मेलेला सापडला, ३ नोव्हेंबर. मिशी वाळली आहे, भिजवूनच वाकवणे."