अष्टग्रहीचे खांदेकरी

बासष्ट सालची अष्टग्रही. आठ ग्रह एकत्र येऊन उद्या जग बुडणार, असं अख्ख्या अणदूर गावानं ठरवूनच टाकलं होतं. लोकांनी बियाण्याची ज्वारीसुद्धा दळून खाल्ली. लकव्यानं अंथरुणाला खिळलेल्या अंबऋषीतात्यांनी डॉक्टरांना बोलावणं धाडलं.

"डॉक्टरसाब, आजच सुई टोचून मला मोकळं करा."

"तात्या, उद्या सगळेच जाणार. मग तुम्हालाच कसली घाई?"

"समदेच गेल्यावर मला खांदा कोण देणार? आज चारी पोरं हायेत."

डॉक्टरांनी वाद न घालता गुपचूप झोपेचं इंजेक्शन दिलं.

जग काही बुडलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी तात्यांनी डोळे उघडले. समोर चारी पोरं, उशाशी डॉक्टर.

 

तात्यांनी चांगल्या हातानं कपाळ बडवलं, "आरं, तुमी समदेच वर आलात? मग खाली मला खांदा दिला कुणी?"