त्या सालची ज्वारी

गुलाबसिंग रडत होता, आणि हेच देवीलालला खपत नव्हतं. बायको कोणाची मेली? देवीलालची. आणि हा गडी लिंबाखाली बसून पटक्याच्या शेवानं डोळे पुसून राह्यला! बाराव्याला आलेली माणसं एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत होती. निदान देवीलालला तरी तसं वाटत होतं.

आत बाया रडत होत्या. तांड्याची रीतच तशी. एकमेकींच्या गळ्यात पडायचं आणि सुरात रडता रडता गेलेलीनं जन्मभर काय काय केलं ते सांगायचं. हंसाबाईचा आवाज सगळ्यांच्या वर होता. जमनीनं विहिरीचा गाळ डोक्यावर वाहिला. मोळ्या ढाणकीला नेऊन विकल्या नि दोन लेकी उजवल्या. घर जळलं तर आठ दिवसांत पुन्हा कूड उभे केले. सासूचं हगणं-मुतणं सहा वर्षं काढलं, कधी नाक मुरडलं नाही. देवीलाल मान हलवत होता. सारं खरं होतं. चाळीस वर्षांच्या संसारात ती नुसती बसलेली त्याला आठवतच नव्हती. जेवायचीसुद्धा उकिडवी, अर्धी उठलेली. फार जीव होता त्याचा तिच्यावर. म्हणूनच तर पोटात आग होती.

आग चौदा वर्षांपूर्वीची. ऐन नांगरणीत देवीलालच्या पायाला नारू झाला नि तो दोन महिने बाजेवर पडला. एके दिवशी झुंजुमुंजू होताना त्यानं दारातून नाल्यापलीकडं पाहिलं, तर त्याच्या वावरात कोणी पटकेवाला नांगर हाकत होता. जमनी घरात नव्हती. उन्हं वर आल्यावर घामानं निथळत आली.

"कोण नांगरून राह्यलं?" त्यानं विचारलं.

"होऊन राह्यलं ना? मंग झालं तं," ती म्हणाली आणि चुलीकडे वळली.

दुसऱ्या दिवशी तांड्यातला रूपसिंग सांगत आला, गुलाबसिंगला बैल घेऊन त्या वावराकडून येताना पाहिलं म्हणून. तांड्यानं म्हटलं, भला माणूस, अडल्याला धावला. पण देवीलालला ठाऊक होतं हा कसला भला ते. तांड्यात सोयरीक पक्की झाली की गूळ वाटून खातात, आणि जमनीच्या नावाचा पहिला गूळ गुलाबसिंगच्या घरचा होता. ती सोयरीक मोडली, मग ती देवीलालकडे आली.

देवीलाल भांडला नाही. त्यानं त्याहून वाईट केलं. त्या साली वावरात माणूस बुडेल एवढी ज्वारी आली. तिची भाकर त्यानं तोंडाला लावली नाही. ढाणकीच्या बाजारातून पायली-पायली ज्वारी आणायचा नि म्हणायचा, "माही भाकर याची कर." जमनी दोन पिठं मळायची. त्याचं वेगळं, आपलं वेगळं. वर्षभर. एका शब्दानं तिनं विचारलं नाही. बोलत नाही म्हणजे कबूलच आहे, असं त्यानं धरलं. तेव्हापासून तिच्याशी धड बोलणं असं राहिलंच नाही.

पंगत उठली. माणसं पांगली. गुलाबसिंग बसलेलाच. देवीलाल जाऊन त्याच्यासमोर टेकला.

"आता तं सांग," तो म्हणाला. "ती गेली. मी आता तुह्यं काय करणार हावो? त्या साली माह्यं वावर तू नांगरलं. कायच्यापायी नांगरलं?"

गुलाबसिंगनं पटक्याचा शेव खाली सोडला. "मी नाही नांगरलं."

"मंग काय मी?"

"अबे, मी गेलतो बैल घेऊन. म्हटलं, हातभार लावू. तं बांधावरूनच हाकललं तिनं मले. अंगावर धोतर तुह्यं, डोक्याले पटका तुहा, नांगराची मूठ हातात. तिनंच नांगरलं सारं."

बाईनं नांगराला हात लावायचा नसतो. पाऊस रुसतो. कळलं असतं तर तांड्याच्या नायकानं भर पंचांत उभं केलं असतं तिला.

"माह्या पोराची आण घातली मले," गुलाबसिंग म्हणाला. "कोणाले बोलला तं पाह्य, म्हणे."

"कोणाले नाही सांगतलं, बराबर हाय. पण मले? मले काहून नाही सांगतलं तिनं?"

"तुले कळलं, असंच समजली ती. एकडाव नाल्यावर भेटली, तं म्हणे, 'त्यायले समजलं वाटते. बाईनं नांगरलेलं, म्हून ती भाकर शिवत नाहीत. बराबरच हाय त्यायचं.'"

बराबरच हाय त्यायचं. देवीलालला ती दोन पिठं दिसली, दोन परातींत. मग एकदम त्याच्या काही ध्यानात आलं नि त्यानं गुलाबसिंगच्या बंडीला हात घातला.

"म्हणजे तुले माहीत होतं! तिचं माहीत होतं अन् ती भाकर मी तुह्यापायी सोडली थेही माहीत होतं! चौदा वर्सं, गुलाबसिंग! एक शब्द बोलला असता तं... आणेचं नको सांगू मले!"

गुलाबसिंगनं बंडी सोडवून घेतली नाही.

"आणेचं नाही सांगत," तो म्हणाला. "रोज वाटे, सांगून टाकू. पण साऱ्या तांड्यात तूच एक होता, ज्याले वाटे का तिचा माह्यावर जीव हाय. तेवढं कसं सोडू, तूच सांग."