क्लॅरिनेटवाली

वालेन्सियाजवळच्या त्या गावात संत सेसिलियाच्या सणाला गावचं बँडपथक नव्या वादकांना त्यांच्या दारातून वाजतगाजत घेऊन जातं. रेमेईला तो मान मिळणारच होता. पण ऐन वेळी तिने पथकाची क्लॅरिनेट परत केली, गिटार उचलली आणि मित्रांबरोबर रॉक बँड काढला. मास्तर बातिस्त कडाडले होते, "गिटारवालीच्या दारात माझं पथक मेलं तरी उभं राहणार नाही!"

आता रेमेईच्या बँडची गाणी अख्खा स्पेन गातो. यंदा सणाला ती आईकडे आली होती. सकाळी गल्लीत ढोल घुमले, तशी ती गॅलरीतून आत सरकली. पथक शेजारच्या बेकरीवाल्याच्या मुलीला न्यायला आलं असणार.

पथक बेकरी ओलांडून तिच्याच दाराशी थांबलं. ट्रम्पेट उंचावले आणि सुरू झालं तिचंच गाणं, देशभरातल्या लग्नांत वाजणारं. गॅलऱ्यागॅलऱ्यांतून बायका-पोरं तारस्वरात गाऊ लागली. रेमेई सपाता घालूनच खाली धावली.

"बघतेस काय?" म्हातारे मास्तर खेकसले. "गाणं झकास आहे. शेवट जरा घाईत उरकलायस, तेवढा मी नीट बसवलाय."

"मास्तर, तुम्ही तर म्हणाला होतात..."

"म्हणालो होतो, गिटारवालीच्या दारात येणार नाही. शब्द पाळलाय मी." मास्तरांनी काखेतली जुनी पेटी तिच्या हातात दिली. आतली क्लॅरिनेट लखलखत होती. "आम्ही आमच्या क्लॅरिनेटवालीला न्यायला आलोय."